लेसोथोच्या डोंगरांतील वणवे आणि मिथेनचा हिशेब : पार्श्वभूमी

लेसोथोसारख्या डोंगराळ देशाच्या हरितगृह वायूंच्या हिशेबात गवताळ जमिनीवरील आगींतून सुटणाऱ्या मिथेनची एक ओळ असते. ती लहान असते आणि जनावरांच्या पोटातून येणाऱ्या मिथेनशेजारी ठेवली तर नजरेत भरत नाही. मात्र ही ओळ हिशेबाच्या कोणत्या प्रकरणात लिहावी, कोणाच्या नावावर लिहावी आणि कोणत्या मोजमापाच्या आधारे लिहावी, या तीनही प्रश्नांची उत्तरे गेल्या तीस वर्षांत बदलत गेली आहेत. त्या उत्तरांमध्ये डोंगरावरच्या गुराख्याविषयीचे एक जुने, वसाहतकाळापासून चालत आलेले मतही झिरपलेले आहे. ते मत बाजूला ठेवून आकडे वाचता येत नाहीत, म्हणून ही टिपण आकड्यांच्या आधी डोंगरापासून सुरू होते.

चहूबाजूंनी दक्षिण आफ्रिकेने वेढलेला हा सुमारे तीस हजार चौरस किलोमीटरचा देश समुद्रसपाटीपासून १,४०० मीटरच्या खाली कुठेही उतरत नाही. संपूर्ण भूभाग एक हजार मीटरच्या वर असलेला जगात हा एकच देश आहे, आणि त्याचे सर्वोच्च शिखर ३,४८२ मीटरवर आहे. मालोटी पर्वतरांगांमध्ये झाडे नावालाच आहेत. उतारांवर पसरले आहे ते गवत. पावसापैकी बहुतांश पाऊस ऑक्टोबर ते एप्रिल या काळात पडतो. मे-जूनमध्ये दहिवराने गवत मरते, शिखरांवर बर्फ येते, आणि ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये कोरडे वारे सुटतात तेव्हा वाळलेले गवत जळण्यासाठी तयार असते. दक्षिण गोलार्धात उत्तरेकडे तोंड असलेला उतार उन्हाचा असतो. तेथे खालच्या पट्ट्यात ‘सेबोकू’ हे उष्णतेला सरावलेले गवत वाढते, तर अधिक उंचावर आणि दक्षिणेकडच्या थंड उतारांवर ‘लेत्सिरी’ हे चिवट, पुंजक्यांनी वाढणारे गवत असते. जुने झालेले लेत्सिरी जनावरे सहसा तोंडी लावत नाहीत. हिवाळ्याच्या अखेरीस कळप खंगलेले असतात, पहिला पाऊस अजून लांब असतो, आणि जळलेल्या पुंजक्यांतून मात्र जमिनीतल्या उरलेल्या ओलीवर हिरवे कोंब फुटतात. वणव्यानंतर गवत जोमाने येते ही समजूत सह्याद्रीतही घट्ट आहे, पण मालोटीच्या माथ्यावर तिच्यामागे त्या दोन-तीन आठवड्यांच्या उपासमारीचे अगदी रोकडे कारण आहे. याशिवाय उंचावरच्या गुराख्यांच्या तळांवर, म्हणजे ‘मोटेबो’वर, उबेसाठी पेटवलेल्या शेकोट्या निसटतात, आणि सप्टेंबर-ऑक्टोबरच्या पहिल्या गडगडाटी वादळांत वीज पडूनही आग लागते. ड्रॅकेन्सबर्ग पर्वतरांगेच्या या परिसरात विजांचे प्रमाण फार मोठे आहे, हे पुढे महत्त्वाचे ठरणार आहे.

या डोंगरांवर माणसाने आग कधीपासून लावली याची सुरुवात शिकारी टोळ्यांच्या काळापर्यंत मागे जाते, परंतु आजच्या वणव्यांचे वेळापत्रक एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात ठरले. १८६८ मध्ये ब्रिटिशांनी बासुटोलँड, म्हणजे आजचा लेसोथो, आपल्या छत्राखाली घेतले, आणि १८६९ च्या करारानुसार मोहोकारे नदीपलीकडची सुपीक सखल जमीन कायमची शेजारच्या गोऱ्या प्रजासत्ताकाकडे गेली. उरलेल्या अरुंद पट्ट्यात शेती, वस्ती आणि गुरे मावेनात, तेव्हा माणसे आणि कळप डोंगरात वर चढले. लोकरीसाठी मेरिनो मेंढी आणि मोहेअरसाठी अंगोरा शेळी आल्यावर उन्हाळी चराई हा या डोंगरांचा मुख्य उद्योग झाला. चराईला नियम नव्हते असे मात्र नाही. गावचा प्रमुख काही कुरणे ठरावीक महिने बंद ठेवत असे; या राखीव कुरणांना ‘लेबोएला’ म्हणतात, आणि ती केव्हा उघडायची हे तोच ठरवी. १९०३ मध्ये रूढीचे नियम लेखी स्वरूपात बांधले गेले, ते वसाहतीच्या अधिकाऱ्यांना सोयीचे व्हावेत म्हणून, पण त्यामुळे प्रमुखांच्या अधिकाराला कागदाचाही आधार मिळाला.

१९३० च्या दशकात दुष्काळ पडला, घळी वाढल्या, आणि सरकारी अहवालांत मातीची धूप हा परवलीचा शब्द झाला. १९३५ चा चौकशी अहवाल आणि १९३८ चे डोंगरी भागाचे वनस्पती सर्वेक्षण यांनी जी मांडणी केली तिचे सार असे होते की कळप प्रमाणाबाहेर वाढले, गवत वारंवार जाळले गेले, आणि त्यामुळे माती वाहून गेली. उपाय म्हणून उतारांवर हजारो समपातळी बांध घालण्यात आले. पुढच्या काळात अभ्यासकांनी दाखवून दिले की यांतील कित्येक घळी रस्त्यांच्या आणि याच बांधांच्या पाणलोटामुळे पडल्या होत्या. तोपर्यंत गुराख्यावरचा ठपका पक्का झालेला होता. स्वातंत्र्यानंतरही, म्हणजे १९६६ नंतरही, तो उतरला नाही. १९८० मध्ये चराई नियंत्रणाचे नियम झाले, आणि त्याच दशकात परदेशी मदतीने सेहलाबाथेबेच्या परिसरापासून आखीव चराई क्षेत्रे सुरू झाली, ज्यांत कळपांची संख्या आणि आग या दोन्ही गोष्टी एकाच आजाराची लक्षणे म्हणून हाताळल्या गेल्या. या सगळ्या कागदांत धूर होता, राख होती, माती होती. वायू कुठेच नव्हता.

वायू आला तो बाहेरून. गवत आणि जंगले जळताना वातावरणात केवळ कार्बन डायऑक्साइड जात नाही, तर मिथेन, कार्बन मोनॉक्साइड आणि नायट्रोजनची संयुगेही मोठ्या प्रमाणात जातात, ही गोष्ट १९७९ मधील एका शोधनिबंधाने जगासमोर ठळकपणे मांडली, आणि १९९० मध्ये उष्ण कटिबंधातील आगींचा सविस्तर ताळेबंद प्रसिद्ध झाल्यावर ती हवामानाच्या चर्चेत मध्यभागी आली. १९९२ च्या सप्टेंबरात दक्षिण आफ्रिकेच्या क्रूगर अभयारण्यात अनेक देशांच्या चमूंनी मोठी मोजणी मोहीम केली. तेथे १९५४ पासून ठरावीक वर्षांच्या अंतराने जाळले जाणारे प्रायोगिक तुकडे तयारच होते, त्यामुळे किती गवत जळले आणि त्यातून कोणता वायू किती निघाला हे शेजारी शेजारी मोजता आले. आफ्रिका खंडाच्या या दक्षिण भागातील गवताच्या धुराविषयी आज जे आकडे वापरले जातात त्यांचे मूळ बऱ्याच अंशी अशा मोहिमांत आहे. क्रूगर हा सखल, उष्ण, झुडपे आणि काटेरी झाडे असलेला प्रदेश आहे, आणि लेसोथोच्या माथ्यांपासून तो उंचीने दोन हजार मीटरहून अधिक खाली आहे.

यानंतर जो निर्णय झाला त्यावर थोडे थांबणे आवश्यक आहे, कारण आजचा सगळा गुंता त्यातून निघाला आहे. १९९६ मध्ये राष्ट्रीय हिशेबासाठीची आंतरराष्ट्रीय मार्गदर्शिका सुधारून निघाली, आणि तिच्यात गवताळ आगींना ‘सॅव्हानाची नियोजित जाळणी’ या नावाने शेतीच्या प्रकरणात जागा देण्यात आली. जनावरांचे रवंथ, शेणखत, भातखाचरे, खते आणि पिकांचे धसकट जाळणे यांच्या पंगतीत ही जाळणी बसली. जंगलातील आग मात्र जमीन-वापराच्या वेगळ्या प्रकरणात राहिली. पुढच्याच वर्षी, १९९७ च्या क्योटो कराराच्या परिशिष्टात, शेतीखालील स्रोतांच्या यादीत हीच ओळ जशीच्या तशी उतरली, आणि मार्गदर्शिकेतील एक सोयीची विभागणी आंतरराष्ट्रीय कायद्याचा भाग झाली.

या विभागणीच्या बाजूने सांगण्यासारखे बरेच होते, हे मान्य केले पाहिजे. जळालेले गवत पुढच्या पावसात पुन्हा उगवते आणि सुटलेला कार्बन डायऑक्साइड परत ओढून घेते, म्हणून तो वर्षाच्या हिशेबात धरू नये, हे तर्कशुद्ध आहे. मिथेन आणि नायट्रस ऑक्साइड मात्र गवत परत घेत नाही, म्हणून तेवढे मोजावेत, हेही बरोबर आहे. जिथे वर्षानुवर्षे चराईसाठी जाळले जाते तिथे त्या आगीला शेतीव्यवहाराचा भाग मानणे पश्चिम आफ्रिका, ब्राझील किंवा उत्तर ऑस्ट्रेलियाच्या बाबतीत समजण्यासारखे आहे. मार्गदर्शिकेने सॅव्हानाची व्याख्याही सैलच ठेवली होती: उष्ण व उपोष्ण कटिबंधातील सलग गवताचा प्रदेश, ज्यात मधूनमधून झाडे-झुडपे असतात. अक्षांशाने पाहिले तर लेसोथो साधारण २९ ते ३० अंश दक्षिणेला, उपोष्ण पट्ट्यात येतो, आणि व्याख्येत बसतो. उंचीने पाहिले तर जेथे वर्षातील कित्येक रात्री पाणी गोठते असा तो मुलूख आहे. व्याख्या अक्षांशाने चालली. उंचीचा विचार तिच्यात नव्हता.

‘नियोजित’ या विशेषणाने अधिक अडचण केली. मार्गदर्शिका लिहिणाऱ्यांना त्यातून माणसाने हेतुपूर्वक लावलेली आग अभिप्रेत होती, आणि ती निसर्गतः लागणाऱ्या आगीपासून वेगळी काढणे हाच उद्देश होता. पण डोंगरावरची आग कोणी लावली हे धुरावरून कळत नाही. गुराख्याने कोंबांसाठी लावलेली, शेकोटीतून निसटलेली, शेजारच्या देशातून कड्यावरून चढून आलेली आणि विजेने पेटलेली अशा चारही आगी वरून पाहताना सारख्याच काळ्या दिसतात. त्या चारही एका ओळीत, शेतीच्या प्रकरणात, ‘नियोजित’ म्हणून लिहिल्या गेल्या की वाचणाऱ्याच्या मनात एकच माणूस उभा राहतो, आणि तो १९३० च्या दशकातल्या अहवालांत आधीच उभा होता.

लेसोथोने हवामानविषयक मूळ करार १९९५ मध्ये मान्य केला. १९९६ च्या निर्णयानुसार विकसनशील देशांनी पहिल्या हिशेबासाठी १९९४ हे वर्ष, किंवा जमल्यास १९९०, घ्यावे असे ठरले. उत्सर्जन घटवण्याचे बंधन या देशांवर नव्हते, परंतु कोष्टके तीच होती. ज्या देशाकडे जळलेल्या क्षेत्राची स्वतःची नोंद नसते त्याला अशा कोष्टकात दोनच वाटा उरतात: ओळीपुढे ‘अंदाज केलेला नाही’ असे लिहायचे, किंवा मार्गदर्शिकेतले तयार गुणांक उचलून आकडा भरायचा. पहिली वाट प्रामाणिक असली तरी अपूर्ण अहवालाचा शिक्का मारते. दुसरीने आकडा मिळतो, पण तो त्या डोंगराचा असतोच असे नाही.

२००३ मध्ये आणि नंतर २००६ च्या नव्या मार्गदर्शिकेत यावर उत्तर शोधण्यात आले. शेती आणि जमीन-वापर ही दोन प्रकरणे जोडून एक करण्यात आली, सॅव्हानाची जागा ‘गवताळ जमिनीवरील जैवभाराचे ज्वलन’ या अधिक व्यापक शीर्षकाने घेतली, आणि माणसाची आग की निसर्गाची आग हा प्रश्न एका सोप्या नियमाने मिटवण्यात आला: ज्या जमिनीचे माणूस व्यवस्थापन करतो तिच्यावर जे काही घडेल ते सगळे मानवनिर्मित धरावे. हेतू शोधण्याची गरज राहिली नाही. हा नियम वापरायला सोपा आहे, आणि मोठ्या आकड्यांत त्याने होणारी चूक कालांतराने भरून निघते असे त्याचे समर्थन केले जाते. त्याचा भार मात्र सर्वत्र सारखा पडत नाही. कॅनडा आणि रशिया यांनी आपल्या उत्तरेकडील अफाट वनप्रदेशांचे मोठे भाग अव्यवस्थापित ठरवले आहेत, त्यामुळे तिथल्या आगींचे उत्सर्जन त्यांच्या राष्ट्रीय हिशेबात येत नाही. लेसोथोत चराई जिथवर पोहोचते तिथवर जमीन व्यवस्थापित ठरते, आणि चराई जवळजवळ शिखरापर्यंत पोहोचते. म्हणून तीन हजार मीटरवर वीज पडून जळलेला उतार हा बासोथो, म्हणजे लेसोथोतल्या, गुराख्याचा हिशेब होतो, आणि हजारो चौरस किलोमीटर जळलेले सैबेरियातील जंगल कोणाचाच होत नाही. ही सोय आहे. तिला न्याय म्हणणे कठीण आहे.

आता आकड्यांकडे. १९९६ च्या पद्धतीत जळलेल्या गवतातून सुटणाऱ्या कार्बनच्या दर हजार भागांपैकी चार भाग मिथेनच्या रूपात जातात असे धरले होते, आणि त्याची कक्षा दोन ते सहा भागांची होती. २००६ मध्ये हिशेब वजनावर आला: एक किलो कोरडे गवत जळले की २.३ ग्रॅम मिथेन, कमी-अधिक ०.९ ग्रॅम. दोन्ही पद्धतींचे उत्तर जवळपास एकच येते, तेव्हा वाद या गुणांकाचा फारसा नाही. तुलनेसाठी, उष्ण कटिबंधातील जंगल जळते तेव्हा हाच गुणांक ६.८ ग्रॅम धरला जातो. गवत पातळ असते, भडकून जळते आणि ज्वाळेत मिथेनचा बराचसा भागही जळून जातो. लाकूड आणि ओला पाला धुमसतो, आणि धुमसण्यातच मिथेन अधिक निघते.

खरा फरक पडतो तो हेक्टरी किती गवत जळते या आकड्याने. सॅव्हाना गवताळ प्रदेशासाठी २००६ च्या कोष्टकात कोरड्या ऋतूच्या आरंभीच्या आगीला हेक्टरी २.१ टन आणि मध्य किंवा अखेरच्या आगीला हेक्टरी १० टन जळते असे तयार आकडे आहेत. पहिल्याने गुणले तर हेक्टरी सुमारे ४.८ किलो मिथेन मिळते, दुसऱ्याने २३ किलो. याच मार्गदर्शिकेत विकसनशील देशातील एक मेंढी वर्षाला ५ किलो मिथेन सोडते आणि आफ्रिकेतील एक गाय-बैल ३१ किलो, असे धरले आहे. म्हणजे पहिल्या आकड्याने एक हेक्टर वणवा एका मेंढीच्या वर्षाइतका होतो, आणि दुसऱ्या आकड्यानेही तो एका बैलाच्या वर्षाइतका होत नाही. लेसोथोच्या आगी ऑगस्ट ते ऑक्टोबरात, म्हणजे कोरड्या ऋतूच्या अखेरीस लागतात, म्हणून कोष्टक वाचणारा सरळ १० टनांकडे जातो. तो आकडा ज्या प्रदेशांचा आहे तिथे पावसाळ्यात गवत पुरुषभर वाढते आणि ते सगळे उभेच्या उभे वाळते. मालोटीत हिवाळ्याआधी कळप चरून गेलेले असतात आणि मागे राहते ते घोट्याएवढे पुंजके. एका चुकीच्या ओळीतून आकडा उचलल्याने देशाचे आगींचे मिथेन जवळजवळ पाचपट होऊ शकते, आणि कागदावर ही निवड मुळीच दिसत नाही.

त्यातच मिथेनचे कार्बन डायऑक्साइडशी ठरवलेले मोलही, म्हणजे एक टन मिथेन किती टन कार्बन डायऑक्साइडइतके धरायचे हा आकडाही, बदलत गेले. क्योटोच्या काळात शंभर वर्षांच्या हिशेबाने ते २१ होते, नंतर २५ झाले, आणि २०१८ मध्ये पॅरिस कराराचे नियम ठरले तेव्हा २८ स्वीकारले गेले. आग तीच, गवत तेवढेच, आणि कोष्टकातील वजन एक तृतीयांशाने वाढलेले. जुन्या अहवालातील आकडा नव्याशेजारी ठेवून वणवे वाढले असा निष्कर्ष काढणारे लेख अधूनमधून दिसतात, तेव्हा वाचकाने प्रथम हे मोल पाहावे.

उपग्रहांनी निदान क्षेत्रफळाचा प्रश्न सोडवला, अशी समजूत आहे आणि ती अर्धीच खरी आहे. १९९९ च्या अखेरीस ‘टेरा’ आणि २००२ मध्ये ‘अ‍ॅक्वा’ हे उपग्रह सोडले गेले, आणि त्यांच्यावरील उपकरणांमुळे जगातील जळलेल्या क्षेत्राचा नियमित नकाशा मिळू लागला. त्याची एक चौकट वीसेक हेक्टरांची असते. दरीच्या एका बाजूला जळलेला पाच-सात हेक्टरांचा पट्टा तिच्यात विरघळून जातो. उभ्या उतारांच्या सावल्या काळ्या राखेसारख्या भासतात. आणि पहिल्या पावसाबरोबर ढग येतात तोवर हिरवे कोंब राखेवर पसरलेले असतात. २०१६ या एका वर्षासाठी सहारा वाळवंटाच्या दक्षिणेकडील आफ्रिकेचा नकाशा अधिक बारीक, दहा-वीस मीटरच्या चित्रांवरून नव्याने काढला गेला, तेव्हा जळलेले क्षेत्र जुन्या नकाशापेक्षा सुमारे ८० टक्क्यांनी अधिक निघाले. यातली वाढ मुख्यतः लहान आगींची होती, आणि डोंगरी चराईच्या आगी लहानच असतात. थोडक्यात, हेक्टरी गवताचा आकडा फुगवलेला असण्याची शक्यता आहे आणि हेक्टरांचा आकडा आखडलेला. दोन चुका एकमेकींना खाऊन टाकतात म्हणून उत्तर बरोबर येते असे समजणे धाडसाचे होईल.

उपग्रहांआधीच्या वर्षांचे काय, हा प्रश्न त्याहून विचित्र रीतीने सोडवला गेला आहे. देशवार आगींचे मिथेन देणारी जी जागतिक आकडेवारी सर्वाधिक उद्धृत होते ती १९९० पासून सुरू होते, पण जळलेल्या क्षेत्राची तिची मूळ नोंद १९९० च्या दशकाच्या मध्याच्या आधी जात नाही. म्हणून पहिल्या काही वर्षांत नंतरच्या वर्षांची सरासरी मागे नेऊन बसवली जाते, आणि आलेख सरळ रेषेत चालतो. याच काळात, १९९१-९२ मध्ये, आफ्रिका खंडाच्या या संपूर्ण दक्षिण भागात शतकातील अतितीव्र दुष्काळांपैकी एक पडला होता. गवतच उगवले नाही तर जळणार काय? आलेखावर मात्र दुष्काळाची खूण नाही. ही रेषा पायाभूत वर्ष म्हणून घेऊन पुढच्या चढउतारांवर भाष्य करणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवलेले बरे.

जागतिक पातळीवर कल उतरता आहे. १९९८ ते २०१५ या अठरा वर्षांत पृथ्वीवर दरवर्षी जळणारे क्षेत्र सुमारे एक चतुर्थांशाने घटले, आणि त्याचे मोठे कारण आफ्रिकेतील सखल सॅव्हाना नांगराखाली गेला हे आहे. त्याबरोबर आगींतून येणारे मिथेनही घटले; २००७ नंतर वातावरणातील मिथेन पुन्हा वाढू लागण्याचे कारण त्यामुळे अन्यत्र शोधावे लागले. मालोटीच्या उतारांवर नांगर चालण्याची मर्यादा केव्हाच गाठली गेली आहे. तिथल्या आगींचे भवितव्य कळपांवर आणि कळपांवर सत्ता कोणाची यावर अवलंबून आहे. २००५ मध्ये पहिल्या स्थानिक निवडणुका झाल्या आणि चराईचा कारभार निवडून आलेल्या परिषदांकडे सोपवण्याची प्रक्रिया सुरू झाली. प्रमुखांचा रूढ अधिकारही संपला नाही. लेबोएला कोणी बंद करायचे आणि जाळणाऱ्याला कोणी जाब विचारायचा, या प्रश्नाला तेव्हापासून दोन दारे आहेत. दुसरीकडे, गुरेचोरीच्या भीतीने अनेक कळप उंचावरच्या तळांऐवजी गावांजवळ ठेवले जाऊ लागले. गावाजवळ जमीन उघडी पडते, वर न चरलेले गवत साचते, आणि साचलेल्या गवताला लागलेली आग अधिक पसरते व अधिक जाळते. चराई कमी झाली की मिथेन घटते, या सरळ समीकरणाला ही बाजू कोणी जोडत नाही.

गेल्या दोन दशकांत एक परदेशी तोडगा वारंवार सुचवला जातो. उत्तर ऑस्ट्रेलियातील आर्नहेम भूमीत २००६ पासून मूळ रहिवासी कोरड्या ऋतूच्या आरंभी थोडे थोडे जाळतात, त्यामुळे अखेरच्या प्रचंड आगी टळतात, आणि वाचलेल्या उत्सर्जनाचे पैसे त्यांना मिळतात. तिथे हे चालते, कारण तो निर्जनप्राय, उष्ण, झाडांचा सॅव्हाना आहे. मालोटीत कोरड्या ऋतूचा आरंभ म्हणजे मे-जून. तेव्हा जाळले तर पुढचे चार महिने उतार उघडा राहील, वारा आणि बर्फाचे पाणी माती नेईल, आणि ज्या गवतावर कळपाने हिवाळा काढायचा तेच गेलेले असेल. शिवाय लवकरची आग अर्धओल्या गवताला लागते. अशी आग धुमसते आणि किलोमागे मिथेन अधिक सोडते, हे झांबियातील गवताळ भागांच्या मोजण्यांतून पुढे आले आहे. कोष्टकातील २.१ आणि १० यांमधील फरक पाहून या योजनेची कल्पना करणाऱ्याला हा डोंगर दिसलेला नसतो.

आगींविषयीची अलीकडची सरकारी कळकळ मिथेनपेक्षा पाण्यातून आली आहे. १९८६ च्या करारानुसार लेसोथोच्या नद्यांचे पाणी बोगद्यांतून दक्षिण आफ्रिकेला विकले जाते. काट्से धरण १९९६ मध्ये उभे राहिले आणि १९९८ पासून पाणी वाहू लागले. जळलेल्या उतारावरून येणारा गाळ आता थेट महसुलात खड्डा पाडतो. सेंकू नदीच्या उगमाकडील उंच दलदली या पाण्याचा साठा आहेत. त्या सुकल्या आणि पेटल्या की त्यांचा कुजका थर धुमसतो आणि गवतापेक्षा कितीतरी अधिक मिथेन सोडतो, पण त्या पुन्हा ओल्या केल्या की ओल्या दलदलीतूनही मिथेन निघते. पाणथळ जमिनींसाठी २०१३ मध्ये मार्गदर्शिकेला स्वतंत्र पुरवणी जोडली गेली. त्यामुळे एकाच खोऱ्यात दलदल जपण्याचे आणि वणवा रोखण्याचे काम हिशेबाच्या दोन वेगळ्या पानांवर, कधी कधी विरुद्ध चिन्हांनी, नोंदले जाते.

पॅरिस कराराखाली २०२४ च्या अखेरीपासून सर्व देशांनी दर दोन वर्षांनी पारदर्शकता अहवाल द्यायचे आहेत, आणि लेसोथोसारख्या अल्पविकसित देशांना त्यात वेळेची व तपशिलाची सवलत आहे. पद्धत २००६ च्या मार्गदर्शिकेची वापरणे बंधनकारक झाले. अहवालाची कोष्टके मात्र जुन्या रचनेवर बेतली गेली, आणि तिच्यात शेतीच्या प्रकरणात ‘सॅव्हानाची नियोजित जाळणी’ ही ओळ अजून जागेवर आहे, तर जमीन-वापराच्या प्रकरणात जैवभार जळण्याची वेगळी ओळ आहे. मालोटीतील एकच आग या दोहोंपैकी कुठेही लिहिता येते. दोन्हीकडे लिहू नये एवढाच दंडक आहे. पहिल्या ओळीत लिहिली तर ती शेतीक्षेत्राच्या उद्दिष्टात धरली जाते आणि चराई घटवण्याच्या प्रस्तावांना आधार पुरवते. दुसऱ्या ओळीत लिहिली तर ती दलदली, झुडपे आणि मातीतील कार्बन यांच्यासोबत जमिनीच्या एकूण जमाखर्चात मोजली जाते.